साठा, होड्या आणि भाव: नैसर्गिक संपत्तीचा हिशेब वहीत कसा मांडायचा

एखादी प्रजाती संपत चालली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे बाजारानं तिचा घास घेतला. दुसरं म्हणजे बाजाराला नीट काम करू दिलं असतं तर ती वाचली असती. मी नैसर्गिक संपत्तीचं अर्थशास्त्र शिकवते आणि गेली १८ वर्षं दोन्ही मतांची उदाहरणं मुलांपुढं ठेवत आले आहे. त्या सगळ्या उदाहरणांत मला एकच प्रश्न खरा कामाचा वाटला: इथं स्पर्धा कशासाठी चालली आहे? साठ्यावर आधी हात मारण्यासाठी, की कमी खर्चात चांगला माल देण्यासाठी? मासे असोत, लाकूड असो, जमिनीखालचं पाणी असो, नाहीतर लोकर देणारं रानटी जनावर असो, याचं उत्तर एका वहीत एका संध्याकाळी काढता येतं. गुणाकार-भागाकार आला की पुरे.

साठा, उपसा आणि कष्ट: तीन वेगळे रकाने

पानाच्या डावीकडं साठा लिहा, उजवीकडं वर्षाचा उपसा. चूक इथंच होते, कारण उपशाचा आकडा सहज मिळतो, साठ्याचा मिळत नाही, आणि मग माणूस उपशावरूनच साठा ठरवून मोकळा होतो. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्यापुढं एका मासेमारीचा १० वर्षांचा तक्ता आला. दर वर्षी पकड जवळपास तेवढीच. मी अहवालात लिहिलं, 'साठा स्थिर आहे.' वरिष्ठांनी तो कागद परत माझ्याकडं सरकवला आणि एवढंच विचारलं, "तेवढे मासे धरायला किती तास लागले?"

तासांचे आकडे दुसऱ्या फायलीत होते. ते काढून शेजारी मांडले तेव्हा दिसलं की १० वर्षांत तास अडीच पट झाले होते. पकड तीच, पण ती मिळवायला अडीच पट वेळ पाण्यात काढावा लागत होता. मासा विरळ होत चालला होता आणि मी तो स्थिर आहे असं सही करून दिलं होतं. तेव्हापासून माझ्या वहीत तिसरा रकाना असतोच: कष्ट. होड्यांचे दिवस, बोअरची खोली, लाकडासाठी चालावं लागलेलं अंतर, जे मोजता येईल ते.

मात्र या रकान्यावरही डोळे झाकून विसंबू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या कॉड माशाचं असंच झालं. १९६८ मध्ये तिथली पकड ८ लाख टनांच्या घरात गेली होती. १९८० च्या दशकात साठा खालावत होता, तरी मोठ्या ट्रॉलरांची तासाची पकड चांगलीच दिसत होती. कारण असं की उरलेला मासा थोड्या जागेत दाटीनं गोळा होत होता आणि ट्रॉलर यंत्रांच्या मदतीनं नेमके तिथंच जाळं टाकत होते. आकडे गोड होते आणि समुद्र रिकामा होत होता. २ जुलै १९९२ ला सरकारनं मासेमारी बंद केली, ३० हजारांहून जास्त लोकांचं काम गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी तीन दशकं टिकली. म्हणून कष्टांच्या शेजारी आणखी एक आकडा लिहा: माल किती जागेतून येतोय. जागा आक्रसत असेल आणि पकड तीच असेल, तर धोक्याची घंटा समजा.

वाढीचं गणित, एकदा तरी हातानं

हा भाग घाईत उरकू नका. मी वर्गात यावर पूर्ण तास घालवते.

एका तळ्यात जास्तीत जास्त १,००० टन मासा मावतो असं धरू. साठा भरलेला असेल तर वाढ शून्य, कारण जागा आणि खाणं उरलेलं नाही. साठा अगदी थोडा असेल तर वाढही थोडी, कारण वीण घालणारे मासेच कमी. मधे कुठंतरी वाढ सगळ्यात जास्त. साठ्याच्या ०.२ पट वाढ धरा आणि तिला रिकाम्या जागेच्या हिश्शानं गुणा. साठा ८०० टन असेल तर पाचवा हिस्सा रिकामा, म्हणून वाढ ८०० × ०.२ × ०.२, म्हणजे ३२ टन. साठा ५०० असेल तर ५० टन. साठा २०० असेल तर पुन्हा ३२ टन.

इथं थांबा. ३२ टनांचा वार्षिक उपसा ८०० टनांच्या साठ्यावरही वर्षानुवर्षं चालू शकतो आणि २०० टनांच्या साठ्यावरही. बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. मला तेव्हा तक्त्यात कळला नव्हता तो हाच फरक.

आता होड्या सोडा. एक होडी वर्षात साठ्याचा शंभरावा हिस्सा धरते आणि तिचा वर्षाचा खर्च २ टन मासे विकून निघतो. ८ होड्या असतील तर साठा ६०० टनांवर स्थिरावतो, प्रत्येकीला ६ टन मिळतात, खर्च वजा जाता ४ उरतात, एकूण ३२ टनांची शिल्लक. नववी होडी आली की साठा ५५० वर येतो आणि प्रत्येकीला ५.५ टन. नवव्या होडीवाल्याला खर्च जाऊन ३.५ टन सुटले, तो खूश. पण सगळ्यांची मिळून शिल्लक ३२ वरून ३१.५ वर आली. त्याच्या कमाईतला काही भाग त्यानं कमावला नाही, इतर ८ जणांच्या ताटातून आला, आणि कुणी चोरी केलेली नाही. तळ्याला दार नसेल तर दहावी येईल, बारावी येईल, आणि हा ओघ १६ होड्यांवर थांबेल. तेव्हा साठा २००, प्रत्येकीला २ टन, खर्चही २ टन. शिल्लक शून्य. १६ कुटुंबं दिवसभर राबतात आणि ८ होड्यांपेक्षा कमी मासा आणतात.

स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थतज्ज्ञानं १९५४ मध्ये हे मांडलं: दार उघडं असलेल्या साठ्यावर स्पर्धा शिल्लक शून्य होईपर्यंत चालते.

मग भाव वाढला तर? आपल्याला सवय असते की भाव चढला की पुरवठा वाढतो. तळ्यातल्या माशाचा भाव दुप्पट करून बघा. होडीचा खर्च आता १ टन विकूनच निघतो, त्यामुळं आणखी होड्या येतात आणि ओघ १८ वर थांबतो. साठा १०० टन, वार्षिक पकड १८ टन. भाव दुप्पट झाला आणि बाजारात येणारा मासा ३२ वरून १८ टनांवर आला. माल कमी आला की भाव आणखी चढतो, आणि चक्र फिरत राहतं. म्हणून 'दुर्मीळ झालं की महाग होईल आणि आपोआप वाचेल' हा दिलासा कुणी दिला तर आधी विचारा, तळ्याला दार आहे का.

दाराशी कोण उभं आहे

पुढचं पान यासाठी ठेवा. साठ्यापर्यंत कोण पोचू शकतं आणि कुणाला अडवता येतं, ते नावानिशी लिहा. नियम असेल तर तो मोजता येतो का, ते लिहा. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावचा १५१७ चा नियम मी इथं नेहमी सांगते: हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतात तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गायी आहेत ते अख्ख्या गावाला माहीत असतं, म्हणून तो नियम पाळला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये अशा सामाईक व्यवस्थांची तपासणी मांडली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं.

मुलं इथं विचारतात, मग सगळं तळं एकाच मालकाला का देऊ नये? तो स्वतःहून ८ होड्यांवर थांबेल. प्रश्न रास्त आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९७४ मध्ये म्हटलं होतं की मक्तेदार हा संवर्धनवाद्याचा मित्रच ठरतो, कारण भाव चढा ठेवण्यासाठी तो माल हात राखून काढतो. पण गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, दुसरी बाजू गणितानं दाखवली होती. साठा वर्षाला २-३ टक्क्यांनी वाढत असेल आणि पैसे दुसरीकडं गुंतवून ७ टक्के मिळत असतील, तर एकट्या मालकालाही सगळा साठा आजच विकून पैसे गुंतवणं परवडतं. मोठे व्हेल, सावकाश वाढणारी झाडं, खोल पाण्यातले दीर्घायुषी मासे या सापळ्यात येतात. म्हणून वहीत साठ्याच्या वाढीचा टक्का आणि व्याजाचा टक्का शेजारी शेजारी लिहा. पहिला लहान असेल तर मालकी हक्क दिला की काम झालं असं समजू नका. तिथं उपशावर वरची मर्यादा लागतेच.

ज्यांना रकानाच नाही त्यांची यादी

जैवविविधता हिशेबातून निसटते ती इथं. एका वस्तूला भाव असतो, तिच्यासोबत जे मरतं त्याला नसतो.

अंटार्क्टिक समुद्रातल्या व्हेलशिकारीचं उदाहरण घ्या. १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांहून जास्त निळे व्हेल मारले गेले. पुढं मर्यादा आली, पण ती 'ब्लू व्हेल युनिट' या मापात. एक निळा व्हेल म्हणजे एक युनिट, किंवा २ फिन व्हेल, किंवा अडीच हंपबॅक, किंवा ६ सेई. हे माप व्हेलपासून निघणाऱ्या तेलाच्या हिशेबानं बसवलेलं होतं. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाची सुरुवातीची मर्यादा होती १६ हजार युनिट, सगळ्या देशांना मिळून. आता शिकारी जहाजाच्या कप्तानाच्या जागी उभे राहा. हंगाम सुरू झालाय, एकूण आकडा भरला की सगळ्यांना परत फिरायचं आहे, आणि समोर एक निळा आणि एक सेई दिसतोय. तुम्ही कुणाच्या मागं जाल? निळ्याच्या मागं, तो हजारांतला शेवटचा असला तरी. निळे विरळ झाले तेव्हा जहाजं फिनकडं वळली, मग सेईकडं. कागदावर मर्यादा पाळली जात होती आणि एकेक प्रजाती ढासळत होती. ते माप १९७२ मध्ये सोडून देण्यात आलं.

तुमच्या वहीत 'टन', 'घनमीटर', 'हेक्टर' असा एकच आकडा असेल, तर त्याच्या पोटात कोणकोण आहे ते फोडून लिहा. एक हेक्टर लागवड आणि एक हेक्टर जुनं जंगल एकाच रकान्यात बसलं की ब्लू व्हेल युनिटचीच चूक पुन्हा झाली.

आणि जाळ्यात अनवधानानं सापडणाऱ्यांची नावं त्याच पानावर खाली लिहा. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात टोटोआबा नावाचा मासा आहे. त्याच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, काळ्या बाजारात प्रचंड भाव मिळतो. त्याची मासेमारी १९७५ पासून बंद आहे, पण चोरून जाळी लागतात आणि त्या जाळ्यांत वाकिता गुदमरून मरतो. वाकिता हा व्हेल-डॉल्फिनच्या गटातला सगळ्यात छोट्या प्राण्यांपैकी एक, फक्त त्याच आखातात राहणारा. १९९७ च्या गणनेत तो सुमारे ५६७ होता. आता १० च्या आसपास उरला आहे. वाकिताला कुणी विकत घेत नाही, कुणी विकत नाही. हे दोन आकडे फळ्यावर लिहिताना माझा हात दर वेळी थबकतो.

स्पर्धा पाण्यातून कागदावर आणा

इथवर आलात की निदान झालं. आता उपाय. स्पर्धा बंद करायच्या मागं लागू नका, तिची जागा बदला.

अलास्कातल्या हॅलिबट माशाची गोष्ट मला या बाबतीत सगळ्यात बोलकी वाटते. तिथं एकूण पकडीवर मर्यादा होती आणि साठाही ढासळलेला नव्हता. पण ती मर्यादा कुणा एकाच्या नावावर नव्हती, आधी धरेल त्याची. होड्या वाढल्या, मर्यादा लवकर भरू लागली, म्हणून हंगाम आखडत नेला, आणि शेवटी मुख्य भागांत वर्षातून दोन-तीन वेळा २४ किंवा ४८ तासांची मुभा उरली. त्या दिवशी वादळ असलं तरी जावंच लागे. घाईत दोर तुटत, गळ पाण्यातच राहत आणि तिथं मासे मारत राहत. सगळ्यांचा माल एकाच दिवशी धक्क्यावर, म्हणून बहुतेक गोठवावा लागे आणि भाव पडे. १९९५ मध्ये प्रत्येकाच्या नावावर मर्यादेचा हिस्सा करून दिला. हिस्सा आपलाच असल्यावर धावायचं कारण संपलं. हंगाम सुमारे ८ महिन्यांचा झाला, ताजा मासा बाजारात येऊ लागला, आणि स्पर्धा उरली ती खर्च आणि प्रत यांत.

असे हिस्से वाटताना दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा. एकूण मर्यादा साठ्याच्या मोजणीवरून ठरू द्या, हिस्सेदारांच्या मागणीवरून नको. आणि एका हातात किती हिस्सा जमू शकतो त्याला कमाल घाला, कारण विकता येणारे हिस्से हळूहळू मोठ्यांकडं सरकतात. आइसलंडमध्ये एका कंपनीसाठी ही कमाल १२ टक्के आहे.

जमीनमालकांना अधिवास, म्हणजे रानटी जीवांची राहण्याची जागा, राखण्यासाठी पैसे द्यायचे असतील तर लिलाव बरा (किती पैशांत राखाल याची बोली मालकांनी लावायची), पण त्यात काय उघड करायचं ते नीट ठरवा. अमेरिकेत १९८५ च्या कायद्यानं शेतजमीन पडीक राखण्यासाठी भाडं देणं सुरू झालं, शेतकऱ्यांनी बोली लावायची. प्रत्येक भागासाठी भाड्याची एक छुपी कमाल होती. दोन-चार फेऱ्यांत ती सगळ्यांना कळली आणि बोल्या तिथंच येऊन चिकटू लागल्या. लिलावाचं नुसतं नाव राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ मध्ये 'बुशटेंडर' योजनेत बंद पाकिटातून बोली घेतली, आणि अधिवासाचे सगळे गुण बोली लावणाऱ्याला कळू दिले नाहीत. कळले असते तर दुर्मीळ फुलं असलेल्यानं त्यांच्याच जोरावर बोली चढवली असती.

शेवटचं पान: खरेदीदार मोजा

संवर्धनाच्या चर्चेत हे पान सगळ्यात जास्त वेळा कोरं राहतं, म्हणून यावर माझा आग्रह आहे.

अँडीज पर्वतात विकुन्या नावाचा उंटाच्या कुळातला छोटा प्राणी राहतो. त्याच्या लोकरीचा तंतू १२ मायक्रॉनच्या आसपास, जगातल्या सगळ्यात तलम तंतूंपैकी. १९६० च्या दशकात शिकारीमुळं तो १० हजारांच्या आसपास आला होता. १९७५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि संख्या सावरल्यावर जिवंत विकुन्याची कातरलेली लोकर विकायला मुभा मिळाली. ती कातरणी, तिथल्या भाषेत 'चाक्कू', इंका काळापासूनची. शेकडो माणसं रंगीत चिंध्या बांधलेला लांब दोर धरून पठारावर ओळीनं चालतात, ओळ हळूहळू आवळत नेतात आणि कळप कुंपणात शिरतो. प्रत्येक जनावराची साधारण २०० ग्रॅम लोकर निघते, मग ते सोडून देतात. दोनेक वर्षांनी पुन्हा. आज विकुन्या लाखांत आहेत. जिवंत जनावरातून पैसे मिळू लागले तेव्हा शिकाऱ्याला अडवायला गावच उभं राहिलं.

पण ती लोकर घेणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. विकणारी गावं शेकडो, घेणारे मूठभर. तेव्हा तयार कापडाच्या भावातला फारच थोडा हिस्सा पठारावर पोचतो.

हे आकड्यात बसवायची रीत सोपी आहे. प्रत्येक खरेदीदाराचा हिस्सा टक्क्यांत लिहा, त्याचा वर्ग करा, बेरीज घ्या. १० सारखे खरेदीदार असतील तर बेरीज १,०००. एकच असेल तर १०,०००. तिघांत ६०, ३० आणि १० टक्के अशी वाटणी असेल तर ३,६००, ९०० आणि १०० मिळून ४,६००. अमेरिकेच्या स्पर्धा-नियामकांनी २०२३ मध्ये १,८०० च्या वरच्या बाजाराला अतिकेंद्रित म्हटलं आहे. तुमचा आकडा त्याच्या बराच वर असेल, तर विक्री एकत्र करता येईल का, माल साठवून ठेवता येईल का, निदान पहिली प्रक्रिया विक्रेत्यांच्या हातात आणता येईल का, हे तीन प्रश्न त्याच पानावर लिहा. विकुन्याच्या बाबतीत पहिली प्रक्रिया म्हणजे राठ केस बोटांनी वेगळे काढणं. त्या कामाला यंत्र लागत नाही, धीर लागतो, आणि कच्च्या लोकरीपेक्षा निवडलेल्या लोकरीला जास्त भाव मिळतो.

पान पूर्ण झालं की वर तारीख टाका. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात कष्टांचा रकाना, जागेचा आकडा आणि खरेदीदारांची बेरीज, हे तीन आधी भरा. पकडीचा आकडा शेवटी.